रंग्याची माती

गव्हाणे सर वाचनालयात आले की आधी मेलेल्या माणसांचं पान उघडायचे. बाकीच्या बातम्या नंतर. आमच्या नेवाशाच्या वाचनालयात रोज सहा-सात पेपर येतात. मी ग्रंथपाल असल्यामुळे ते लाकडी पट्टीत अडकवून टेबलावर ठेवायचं काम माझं. ते होईस्तोवर सर दारात उभे. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन निधनवार्तांसाठी. 'दुःखद निधन' असं दिसलं की 'दुःखद'खाली रेघ मारून बाजूला लिहायचे, 'कोणाला? पुरावा द्या.' 'मनमिळाऊ स्वभावाचे होते' याच्याखाली दोन रेघा. एका चेअरमनच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली होती, तिथे सरांनी लिहिलं, 'सोसायटीची निवडणूक बुधवारी आहे. भरून येईल.'

मी भांडायचे. म्हणायचे, "सर, पेपर वाचनालयाचा आहे, तुमच्या विद्यार्थ्यांची उत्तरपत्रिका नव्हे."

"ग्रंथपालबाई," सर म्हणायचे, "लोकांनी चुकीचं वाचण्यापेक्षा दुरुस्त केलेलं वाचावं."

लोक खरंच सरांचे शेरे वाचायला यायला लागले. सभासद वाढले. मग मला तोंड मिटून बसावं लागलं, आणि तोंड मिटून बसायची मला सवय नाही, हे नेवाशात कुणालाही विचारा.

सरांनी कॉलेजात बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. नेवाशात राहणारा इतिहासाचा माणूस रिटायर झाला की आता हा माउलींवर लिहिणार असं सगळे धरून चालतात. सरांना कुणी तसं विचारलं तर म्हणायचे, "माउलींवर लिहायला अख्खा महाराष्ट्र आहे. रंग्यावर कोण आहे?"

रंग्या म्हणजे रंगनाथ, उर्फ रंग्या हायवे. आमच्या भागात चाळिशीच्या पुढच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी हा रस्त्यावरचे ट्रक अडवायचा. टायर, तेलाचे डबे, साबण, जे मिळेल ते. एकदा एवढा धुडगूस घालून ट्रक पळवला आणि आत निघाले शाळेचे काळे फळे. शिंगणापूरच्या फाट्यावर मात्र त्याने कधी गाडी अडवली नाही म्हणतात, तिथे त्याचीही टरकायची. खून, मारामाऱ्या, खंडण्या, सगळं नावावर होतं. तीन जिल्ह्यांचे पोलीस मागावर होते, आणि शेवटी त्याला गाठलं डासाने. डेंग्यूने गेला, सरकारी दवाखान्यात, सलाईन लावलेली असताना. लोकांना हे अजून मान्य नाही.

सरांना रंग्याच्या पराक्रमात काडीचा रस नव्हता. त्यांचा विषय एकच, रंग्याचा अंत्यविधी. ते म्हणायचे, "जिवंतपणी माणूस काय करतो ते पोलीस लिहून ठेवतात. मेल्यावर लोक त्याचं काय करतात, ते कोणी लिहीत नाही. तो खरा इतिहास." चार वर्षं सर याच कामाला लागले होते. आमच्याकडे कुणी गेला की सांत्वनाला, दहाव्याला माणसं जमतात, तिथे सर जाऊन बसायचे, आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं संपली की मागच्या रांगेत कुणाला तरी गाठून हळूच विचारायचे, "रंग्याच्या वेळी होता का हो तुम्ही?"

उत्तर ठरलेलं. "म्हंजे काय सर. मातीला हुतो की. लाख मानूस हुतं."

मग सर पिशवीतून कार्ड काढायचे. ही कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली. पुढच्या बाजूला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' आणि मागच्या बाजूला रंग्याचं प्रेत. प्रत्येक साक्षीदाराला तेच पाच प्रश्न. कुठे उभे होता? ऊन कोणत्या अंगाने येत होतं? शेजारी कोण होतं? पायात काय होतं? त्या दिवशी जेवला होता का? आणि खाली दहापैकी गुण. मास्तरकी हाडात मुरलेली, तिला कोण काय करणार. त्यांचा सिद्धांत असा, की खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी सांगतो आणि खरं बोलणाऱ्याला बारीकसारीक आठवतं. ज्याला चपलेचा अंगठा तुटलेला आठवतो, तो तिथे होता. याला ते 'पादत्राण कसोटी' म्हणायचे, अगदी गंभीर चेहऱ्याने.

आता आमच्या माणसांना बारीकसारीक सांगायला काय कमी. पारनेरच्या बाजारात सरांना एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, पायात नवी कोल्हापुरी होती, करंगळीला चावत होती, म्हणून काढून हातात घेतली, आणि त्याच हाताने खांदा दिला. सरांनी दहापैकी साडेनऊ दिले. अर्धा गुण हस्ताक्षर नसल्याबद्दल कापला असावा. वर्षभराने त्यांनी खांदेकऱ्यांची कार्डं वेगळी काढली तर ती निघाली एकशेबारा. माझ्या टेबलावर गठ्ठा ठेवून म्हणाले, "बाई, तिरडीला टोकं किती?"

"चार."

"मग हे काय आहे?"

"आळीपाळीने दिला असेल," मी म्हणाले. मलाही काय, पीठ पाहिजे होतं दळून आणायला, जायची घाई.

सरांनी ते लिहून घेतलं. पुढे लेखात आलं, 'खांदा आळीपाळीने दिला गेला असावा, असे एका जाणकार ग्रंथपालांचे मत आहे.' माझं नाव नव्हतं तेवढं बरं.

कावळ्याचं प्रकरण तर विचारूच नका. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, दुपार झाली, तेव्हा कुणीतरी पुढे होऊन म्हणालं, "रंगनाथ, तुझ्या पोरीचं लग्न आम्ही लावू," आणि कावळा झडप घालून आला. ही गोष्ट सरांना एकोणीस जणांनी सांगितली. एकोणिसाव्याने सुद्धा तो पुढे होणारा माणूस मीच म्हणून छातीवर हात ठेवला. अडचण एवढीच की रंग्याचं लग्नच झालेलं नव्हतं. सरांनी तेही नोंदवलं, 'आश्वासन सर्वसाधारण स्वरूपाचे असावे.'

एवढ्या दोन-तीनशे कार्डांत एकच माणूस सपशेल नापास. बबनराव नावाचे एक टेम्पोवाले. मी ते कार्ड पाहिलेलं आहे. कुठे उभे होता, 'ध्यानात न्हाई.' ऊन, 'ध्यानात न्हाई.' पायात, 'काय म्हाईत.' जेवला होता का, 'आता कसं सांगू.' खाली एवढंच, 'टेम्पो माझा होता, माती दिली आणि आलो असे म्हणतो.' गुण, शून्य. शेरा, 'निरुपयोगी. त्या दिवशी झोपेत असावा.'

याच सुमारास मुंबईहून एक मुलगा आणि मुलगी आली. त्यांना रंग्यावर मालिका करायची होती, मोबाईलवर बघतात तसली. त्यांनीही लोकांना गाठलं होतं, लोकांनी त्यांनाही 'आम्ही मातीला गेल्तो' सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं होतं, 'दफन'. मग ती दोघं कबर शोधत हिंडली. आमची माणसं मदतीला तत्पर. त्यांनी दोन दिवसांत तीन कबरी दाखवल्या. एक बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीचा ओटा होता, एक मैलाचा जुना दगड, आणि तिसरी एका बागायतदाराच्या लाडक्या बैलाची. बैलाच्या कबरीपुढे त्या मुलीने हात जोडून फोटोसुद्धा काढला.

सर त्यांच्यावर जे हसले, ते आठवडाभर हसत होते. इथे याच टेबलाशी बसवून त्यांनी दोघांना तासभर शिकवलं. "बाळांनो, आमच्याकडे माणूस जाळला तरी लोक मातीलाच जातात. सरणावर ठेवला तरी माती, पुरला तरी माती. 'त्याची माती कधी हाय' म्हणजे अंत्यविधी कधी आहे. या शब्दाचा जमिनीशी काही संबंध नाही." मुलीने विचारलं, "पण सर, एखाद्याला खरंच पुरलं असेल तर मग काय म्हणतात?" सर म्हणाले, "तुम्ही जरा मराठी सुधारा." मला तो प्रश्न चांगला वाटला होता. पण तेवढ्यात कुणीतरी पुस्तक चौदा दिवस उशिरा आणून दिलं आणि मला तिकडे लक्ष घालावं लागलं.

त्या दिवाळीला सरांचा लेख जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकात छापून आला. एकतीस पानं. नदीकाठचं सरण, तुपाचे डबे, लाखाचा जमाव, सगळं तळटिपांसकट. टीप क्रमांक सतरामध्ये 'माती' या शब्दावर अर्धं पान होतं, आणि शेवटी ठणकावून लिहिलं होतं, 'रंगनाथ याचे दहनच झाले, दफनाचा प्रश्नच उद्भवत नाही.' सरांनी वाचनालयाला तीन प्रती दिल्या आणि मला पेढा दिला. लेख अंकात मधोमध होता, पण सरांनी तो पहिल्या पानावर असल्यासारखी अंकाची घडी घातलेली होती.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. कारखान्यांचा हंगाम सुरू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका सकाळी एक बाई दारात आली. साठीच्या पुढची, नऊवारी, पायात प्लॅस्टिकचे बूट, हातात पिशवीत गुंडाळलेले झेरॉक्सचे कागद.

"गव्हाने सर कोन?"

सर निधनवार्तांच्या पानावर होते. वर न बघता म्हणाले, "मी. बोला."

"मी कौसाबाई. रंगनाथची बहीन."

सर उठून उभेच राहिले. चार वर्षांत ते रंग्याच्या घरच्या कुणालाही भेटले नव्हते. मुद्दाम. नातेवाईक साक्षीदार पक्षपाती असतो, हे त्यांचं आणखी एक तत्त्व.

कौसाबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यात तुमी लिवलंय, रंगनाथला जाळला म्हनून."

"हो. नदीकाठी. साक्षीपुरावे आहेत त्याला."

"जाळला न्हाई. माती दिली."

सरांच्या चेहऱ्यावर ते वर्गातलं हसू आलं. "कौसाबाई, माती देणे हा आपल्याकडे एक वाक्प्रचार आहे."

"वाक्प्रचार न्हाई दिला," कौसाबाई म्हणाल्या. "माती दिली. खड्डा खांदला, त्यात ठिवला, वरनं माती लोटली. माझ्या ह्या हातांनी. आमच्यात पुरायचीच रीत हाय."

सर खाली बसले. मी पंखा लावला, थंडीचे दिवस असून.

मग हळूहळू सगळं कळलं. खिरणवाडी म्हणून रस्त्याकडेचं गाव, तिथे कौसाबाईंचं रान. रानाच्या रस्त्याकडच्या बांधाला एक लिंब, आणि लिंबाखाली रंगनाथ. आता रस्ता चौपदरी होतोय, बांधाकडची पट्टी सरकारने घेतली, आणि येत्या सोमवारी तिथे खोदकामाचं मशीन लागणार. कौसाबाईंनी अर्ज केला की मशीन यायच्या आधी भावाची हाडं काढून रानात आत नेऊन ठेवू द्या. तहसील कचेरीतून उत्तर आलं, तिथे कुणाला पुरल्याची ग्रामपंचायतीत नोंद नाही, आणि शिवाय हे बघा, प्राध्यापक गव्हाणे यांनी संशोधन करून लिहिलेलं आहे की दहन झालं. सोबत टीप क्रमांक सतराची झेरॉक्स.

"जित्तेपनी त्या रस्त्यानंच त्याला खाल्ला," कौसाबाई म्हणाल्या. "वाईट हुता, मला म्हाईत हाय, तुमी सांगायची गरज न्हाई. माझ्या दादल्याला पन मारलंय त्यानं एकदा. पन भाऊ हुता. त्याच्या हाडावरनं डांबर फिरल्यालं मला बघवायचं न्हाई, सर. मी रोज त्याच रस्त्यानं दूध घेऊन जाती."

सरांनी झेरॉक्स हातात घेऊन पाहिली. आणि मग, सवय वाईट, त्यांच्या तोंडून निघालं, "पुरावा?"

मी डोक्याला हात लावला. पण कौसाबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "पुरावा खाली हाय की. खांदून बघू म्हनलं तर म्हनत्यात आधी पुरावा द्या, मंग खांदा."

त्या गेल्यावर सरांनी सगळी कार्डं माझ्या टेबलावर पसरली. वाचनालयात त्या दुपारी कुणाला पेपर ठेवायला जागा नव्हती. साडेनऊ गुणांच्या पारनेरकरांना त्यांनी फोन लावला. "अहो, तिथे सरण होतं ना, नक्की?" "व्हय, दोन पुरुष उंच जाळ." "आणि खड्डा होता का?" "खड्डा बी हुता की सर, भला मोठा." सरांनी फोन ठेवला. आणखी चौघांना लावला. चौघांनाही खड्डा आठवला. एकाला तर खड्ड्यात चपला पडल्याचंही आठवलं. साक्षीला गाडी करून येतो म्हणाले सगळे. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. मला त्यांची दया आली, हे खरं सांगते. रागही आला होता, पण दया जास्त आली.

"चार वर्षं, बाई," ते म्हणाले. "हे सगळे पास झालेले."

"मग नापासांचं बघा," मी म्हणाले.

नापास एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीवर मागे सरांना बसवून आम्ही फाट्यावरच्या टेम्पो स्टॅंडला गेलो. सर मागून सारखे सांगत होते, हळू चालवा, इंडिकेटर द्या. बबनराव टेम्पोच्या बाजूला बाजेवर बसून भेळ खात होते. सत्तरीचा वाळलेला माणूस.

"बबनराव, रंगनाथला पुरलं होतं?" सरांनी सरळ विचारलं.

"व्हय."

"मग मी आलो होतो तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. माती दिली म्हनलं. तुमी म्हनला, पायात काय हुतं." बबनरावांनी भेळीचा कागद चुरगळला. "पायात काय हुतं ते कोन बघतंय सर. मयत उतरवायची हुती."

मग त्यांनी सगळं सांगितलं, तेही आम्ही विचारलं तेवढंच. दवाखान्यातून मयत आणायला कुणी गाडी देईना, यांनी टमाट्याचा टेम्पो दिला, कारण कौसाबाईंचा नवरा ओळखीचा होता. खिरणवाडीत टेम्पो शिरला तशी लोकांनी दारं लावून घेतली. पोलिसांचं भय, रंग्याच्या दुश्मनांचं भय. घरचे सहाजण आणि बबनराव, एवढी माणसं. लिंबाखाली खणायला घेतलं तर मुरूम लागला, बबनरावांची पहार वाकली. गुंडाळायला धड चादर नव्हती, म्हणून टेम्पोची ताडपत्री दिली. निळी.

"आणि लाख माणूस?" सरांनी विचारलं.

"लाख कशाला, सर. पान्याला इचारायला आठवं मानूस नव्हतं."

सर स्कूटीपर्यंत चालत आले आणि मागे बसायच्या ऐवजी उभेच राहिले. "बाई," म्हणाले, "ज्याला रडायला वेळ नव्हता त्याला मी चपला विचारल्या."

तहसील कचेरीत नायब तहसीलदार मॅडम निघाल्या सरांच्याच विद्यार्थिनी. सरांना बघून खुर्चीतून उठल्या, चहा मागवला. सरांनी मुद्दा सांगितला तशी त्यांनी फाईल उघडून झेरॉक्स पुढे केली. खाली लाल पेनाने रेघ मारलेली. कुणाकडून शिकल्या ते उघडच होतं.

"सर, टीप सतरा. तुमचीच आहे ना?"

"माझीच."

"तुम्हीच आम्हाला शिकवलं, तोंडी साधनापेक्षा छापील साधन भरवशाचं. आता तुम्ही एका टेम्पोवाल्याचं तोंडी घेऊन आलात."

"लेखक भरवशाचा नसेल तर छापून काय उपयोग?"

"असं कसं म्हणता सर तुम्ही?"

"मॅडम, त्या लेखकाला मी जवळून ओळखतो. तो चार वर्षं तीन तालुके हिंडला, आणि मयताच्या बहिणीचं दार त्याने एकदाही वाजवलं नाही. तिने एका वाक्यात सांगितलं असतं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. म्हणाल्या, "लेखी द्या. त्याशिवाय मला वर काही पाठवता येणार नाही."

आता खरी गंमत पुढे. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा हा माणूस, त्याला स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. पहिल्यांदा लिहिलं, 'सदर टिपेत काही त्रुटी राहून गेली.' वाचलं, खोडलं. मग लिहिलं, 'अनवधानाने असे विधान झाले.' तेही खोडलं. कागद खराब झाला म्हणून दुसरा मागितला. मी शेजारी बसून बघत होते, आणि मला दुसऱ्या कुणाचीही गंमत वाटली असती, पण हे आमचे सर होते. कौसाबाईंनाही बोलावून घेतलं होतं, त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. बबनराव वाकडी पहार घेऊन आले होते, शिपायाने ती बाहेर ठेवायला लावली म्हणून ते दारात तिच्यापाशीच थांबले होते. शेवटी सरांनी एकदाच लिहून टाकलं, 'टीप क्रमांक सतरा ही माझी चूक आहे,' आणि खाली पूर्ण नाव, शिक्षण, पत्ता. मॅडमनी दोनदा वाचलं आणि सही केली.

शनिवारी संध्याकाळी परवानगी आली. रविवारी सकाळी खणायचं ठरलं.

पुढे दोन महिन्यांनी सरांचे गुडघे गेले आणि मुलीने त्यांना नाशिकला नेलं. निघताना ते मला भेटायला आले होते म्हणे, पण मी नेमकी रजेवर. निरोप राहूनच गेला, म्हणून सर आठवले की मला तो रविवारच आठवतो.

लिंबापाशी आम्ही सगळे आठच्या सुमारास जमलो. कौसाबाई, त्यांचा मुलगा आणि सून, बबनराव, तलाठी, एक हवालदार, रस्त्याच्या कामावरचा मशीनवाला, सर आणि मी. मशीनवाल्याने जपून माती काढली. पाच फूट गेला, काही नाही. तलाठ्याने घड्याळ बघितलं. हवालदार म्हणाला, "म्हातारे, नक्की हितंच ना?" बबनराव कपाळाला हात लावून लिंबाभोवती फिरायला लागले. त्यांना जागा बुंध्यापासूनच्या पावलांनी आठवत होती, आणि बावीस वर्षांत बुंधा चांगला दुप्पट फुगला होता. सरांनी लिंबाचा बुंधा धरला. मला वाटलं, आता हे पडतात. कौसाबाई नुसत्या खड्ड्याकडे बघत होत्या.

"दोन पावलं रस्त्याकडं घ्या," बबनराव म्हणाले.

मशीनने दोन पावलं सरकून दोनदा माती काढली आणि तिसऱ्यांदा दातांना निळं काहीतरी लागलं. मशीनवाल्याने मशीन बंद केलं आणि खाली उतरून पायातल्या चपला काढल्या. पुढचं काम सगळं हातांनी झालं. ताडपत्री मऊ पडली होती, पण निळी ती निळीच.

रानात आत, विहिरीच्या पलीकडे नवा खड्डा तयार होता. हाडं नव्या पांढऱ्या कापडात बांधून खाली ठेवली. कौसाबाईंनी पहिली माती दिली, मग मुलाने, मग बबनरावांनी. सर जरा लांब, बांधावर उभे होते. कौसाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"सर, माती द्या की."

"मी नात्यातला नाही," सर म्हणाले. "माझं चुकलं, कौसाबाई. माझ्यामुळे तुम्हाला..."

"चुकलं तर चुकलं. या."

सर खाली बसले. सफारीच्या गुडघ्यांना माती लागली, तिकडे त्यांनी बघितलं नाही. ओंजळ भरून घेतली आणि हळूच खाली सोडली. मग मीही दिली. हवालदारानेही टोपी काढून दिली, कुणी सांगितलं नव्हतं.

खड्डा भरून झाल्यावर कौसाबाई उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि आम्हा सगळ्यांकडे एकवार बघितलं.

"तवा सात मानसं हुती मातीला," त्या म्हणाल्या. "आज नऊ हायती."

सरांनी आमच्याकडे बघितलं. मातीने भरलेलं बोट एकेकाकडे करत मोजलं. तलाठी, हवालदार, मशीनवाला, कुणाला सोडलं नाही. शेवटी ते बोट स्वतःच्या छातीला लावलं.

"बरोबर आहे," म्हणाले. "नऊ."